एकच वाट, वर्षभर : टेकडीवर निसर्गफेरी सुरू करताना

गेल्या जूनपासून यंदाच्या मार्चपर्यंत पुण्यातल्या वेताळ टेकडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही झाडापाखरांची ओळख करून देणारी फेरी चालवली. तयारी त्याआधीच्या मार्चमध्ये सुरू झाली होती. आपल्या गावात, सोसायटीत किंवा शाळेत असं काही सुरू करावं असं बऱ्याच जणांच्या मनात असतं, पण परवानगी कुणाची घ्यायची, माणसं किती न्यायची, दुर्बिणी किती लागतात, पावसाळ्यात काय करायचं, या प्रश्नांवर गाडी अडते. म्हणून सगळं क्रमाने, खर्चासकट लिहीत आहोत.

एक निर्णय अगदी सुरुवातीला घेतला आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. वर्षभर वाट बदलायची नाही. दर महिन्याला नवी जागा दाखवली तर माणसं जास्त येतील असं अनेकांनी सुचवलं, पण झाड एकदा बघून कळत नाही. काटेसावर जूनमध्ये पानांनी भरलेली असते, डिसेंबरात पानं गाळते, फेब्रुवारीत नुसत्या लाल फुलांची होते आणि एप्रिलमध्ये तिची बोंडं फुटून कापूस उडतो. ही चारही रूपं एकाच झाडावर पाहिली की ती सावर कायमची ओळखीची होते. चार वेगवेगळ्या ठिकाणी चार सावरी पाहून तसं होत नाही.

मार्च : वाट ठरवणं

वाटेची लांबी दीड किलोमीटरच्या आत ठेवली. रोज फिरायला येणारा माणूस दोन तासांत आठ-नऊ किलोमीटर सहज चालतो. थांबून बघत जाणाऱ्या गटाला मात्र तेवढ्या वेळात दीड किलोमीटरही पुरतं. गेलो त्याच वाटेने परत येण्यापेक्षा वळसा घालून सुरुवातीच्या जागी पोचणारी वाट चांगली. पहिला अर्धा भाग पश्चिमेकडे तोंड करून चालायचा असावा, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर राहतं आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. उलट्या दिशेने निघालात तर फांदीवर बसलेला प्रत्येक पक्षी काळी आकृती होऊन बसतो आणि नवख्यांचा उत्साह पहिल्या अर्ध्या तासात मावळतो.

दुसरं म्हणजे वाटेवर अधिवासाचे दोन-तीन प्रकार यावेत. आमच्या वाटेवर मोकळा गवताळ माळ आहे, काटेरी झुडपं आहेत, गिरिपुष्पाची दाट लागवड आहे आणि जुन्या दगडखाणीत साचलेलं पाणी आहे. माळावर चीरक, टिटवी, होले; झुडपात बुलबुल, शिंपी, सातभाई; दाट सावलीत ठिपकेवाली नाचण आणि हिवाळ्यात लिटकुरी; खाणीजवळ खंड्या आणि धोबी. एवढं अंतर चालून एवढी विविधता मिळत असेल तर लांब जायची गरज नाही.

मग थांबे ठरवले. थांब्याच्या झाडाची निदान एक फांदी डोळ्यांच्या उंचीवर असली पाहिजे. तीस फूट उंच देखणा वृक्ष, पण खाली एकही पान हाताशी नाही, असं झाड नवशिक्यांना शिकवायला उपयोगाचं नाही. पंधरा-वीस माणसं सावलीत उभी राहतील, पायाखाली काटे नसतील आणि फिरायला येणाऱ्यांची वाट अडणार नाही एवढी जागा हवी. बारा थांबे काढले. त्यांच्या जागा फोनच्या नकाशावर खुणा करून ठेवल्या. झाडांना खिळे, रंग, फिती काहीही लावलं नाही. खिळ्याने सालीला जखम होते, तिथून बुरशी आत शिरते. आणि फीत दोन महिन्यांत कचरा होते.

ही पाहणी रविवारी, फेरीच्याच वेळी करावी. मंगळवारी शांत वाटलेली वाट रविवारी सकाळी स्पीकर घेऊन फिरणाऱ्यांनी आणि मोकाट कुत्र्यांनी भरलेली असू शकते. प्रत्येक फेरीच्या एक-दोन दिवस आधीही आमच्यापैकी कुणीतरी वाट चालून येत असे: काय फुललंय, कुठे झाड पडलंय, आग्या मोहोळ कुठे लागलंय, वाटेलगत घरटं आहे का. घरटं दिसलं की तो थांबा त्या महिन्यापुरता रद्द. माणसांचा घोळका जवळ थांबला तर पिल्लांना भरवणारे आईबाप घरट्याकडे यायला बिचकतात, आणि घरट्याची जागा कावळ्यांच्याही ध्यानात येते.

एप्रिल : परवानगीचं पत्र

टेकडीची जमीन बहुतेक वेळा एका मालकाची नसते. काही भाग वनविभागाचा, काही महापालिकेचा, काही संस्थांचा किंवा खाजगी. म्हणून पत्र लिहिण्याआधी आपली वाट कुणाच्या हद्दीतून जाते ते पाहावं. वनविभागाचे हद्दीचे दगड आणि पाट्या जागेवर दिसतात. शंका असेल तिथे सर्व्हे नंबर शोधून सातबारा उतारा ऑनलाइन पाहता येतो. वाट दोन हद्दींतून जात असेल तर दोन्हीकडे वेगळी पत्रं द्यावी लागतात. वनजमिनीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे आणि महापालिकेच्या जागेसाठी उद्यान अधीक्षकांच्या नावे आम्ही पत्रं दिली.

पत्र एका पानाचं असावं. त्यात उद्देश, वाटेचा नकाशा, तारखा, सकाळची वेळ, जास्तीत जास्त माणसं, जबाबदार दोघांची नावं आणि फोन. त्याखाली हमी: काही तोडणार नाही, गोळा करणार नाही, आग पेटवणार नाही, प्लॅस्टिक टाकणार नाही, ध्वनिक्षेपक वापरणार नाही, ड्रोन उडवणार नाही. सोबत ओळखपत्राच्या प्रती. दर महिन्याचं वेगळं पत्र देण्यापेक्षा वर्षभराच्या तारखा एकदम दिल्या, त्यामुळे परत परत खेटे पडले नाहीत. पत्राची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नये. पुढची प्रत्येक चौकशी त्या क्रमांकावरच होते. उत्तराला महिनाभर लागेल असं धरून चालावं. आम्ही एप्रिलच्या सुरुवातीला पत्र दिलं, मेच्या पहिल्या पंधरवड्यात होकार हातात आला. परवानगीची प्रत फेरीच्या वेळी खिशात ठेवत होतो. वनरक्षकांनी विचारलं तर दाखवता येते, आणि त्यांच्याशी ओळख झाली की पाणी कुठे आहे, बिबट्याची अफवा खरी की खोटी, वणवा कुठे लागून गेला हे सगळं त्यांच्याकडून आपोआप कळत जातं.

राखीव वनातून पान, फूल, बी काहीही उचलून नेणं भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा ठरू शकतो, आणि पक्ष्यांच्या घरट्यांना, अंड्यांना धक्का लावणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली येतं. हे फेरीच्या सुरुवातीला थोडक्यात सांगितलं की मुलंही नीट पाळतात. खाली पडलेलं पान हातात घेऊन बघायचं, वास घ्यायचा आणि तिथेच ठेवायचं.

मे : सामान आणि खर्च

सर्वांत मोठा खर्च दुर्बिणींचा. वीस जणांच्या गटाला चार दुर्बिणी पुरतात, कारण काहींजवळ स्वतःच्या असतात. आम्ही 8×42 च्या घेतल्या, एकेक साधारण आठ हजारांची. आठ म्हणजे किती पट मोठं दिसेल आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. नवख्याच्या हातात दहा पटींची दुर्बीण दिली की हाताच्या थरथरीबरोबर चित्रही थरथरतं आणि दृश्याची चौकट लहान असल्याने पक्षी सापडतच नाही. रस्त्यावर मिळणाऱ्या 20×50 किंवा 30×60 लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणी घेऊ नयेत. चार घरांनी मिळून पैसे घातले म्हणून हा भार उचलता आला. पैसे नसतील तर फक्त झाडांच्या फेरीपासून सुरुवात करावी, तिला दुर्बीण लागत नाही.

पावसाळ्यात दुर्बिणीच्या भिंगांवर बुरशी चढते, हा महाराष्ट्रातला हमखास त्रास. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्यात आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून कोरड्या कराव्यात. कातडी पिशवीत बंद करून कपाटात टाकलेली दुर्बीण दोन पावसाळ्यांत वाया जाते.

दहापट मोठं दाखवणारी हातभिंगं दोनशे रुपयांच्या आसपास मिळतात, ती सहा घेतली. पैशाच्या मानाने सर्वांत जास्त आनंद यांनीच दिला. भिंग वस्तूजवळ नेऊन लांबून बघायचं नसतं; ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि पान किंवा फूल हळूहळू भिंगाकडे आणायचं. हे आधी सांगितलं नाही तर लोक भिंगातून काहीच दिसत नाही म्हणून परत देतात.

प्रथमोपचार पेटीत नेहमीच्या वस्तूंबरोबर चिमटा, रुंद चिकटपट्टी आणि ओआरएसच्या पुड्या ठेवल्या. चिकटपट्टी खाजकुयलीसाठी. हिवाळ्यात तिच्या शेंगांवरची सोनेरी लव अंगाला लागली की भयंकर खाज सुटते. चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून उचलायची, मग साबणाने धुवायचं. घोणस आणि फुरसं टेकड्यांवर असतात, म्हणून सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय आधी खात्री करून कागदावर लिहून ठेवलं. दंश झाला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हालचाल करू द्यायची नाही, 108 ला फोन.

शुल्क माणशी शंभर रुपये, शाळकरी मुलांना माफ. मोफत ठेवलं की नाव नोंदवून न येणारेच फार होतात आणि ज्यांना खरंच यायचं असतं त्यांची जागा अडते. प्रत्येक फेरीत ओळखपत्रकांच्या छपाईला तीनशेच्या आसपास आणि बाहेरचे जाणकार आले तर त्यांना पंधराशे मानधन. जाणकारांना मानधन द्यावंच. वर्षानुवर्षं उन्हातान्हात कमावलेलं ज्ञान ते देतात, आणि त्यांना नारळ देऊन परत पाठवणं आम्हाला मान्य नाही.

नोंदणीच्या अर्जात वय, मधमाशीच्या दंशाची किंवा इतर ऍलर्जी, गुडघ्याचा किंवा दम्याचा त्रास, घरच्यांचा फोन आणि फोटो काढला तर चालेल का, एवढंच विचारलं. आदल्या दिवशीच्या संदेशात जमण्याची नेमकी जागा, वेळ, पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा सदरा, बूट, पाणी, टोपी, आणि अत्तर लावून येऊ नये ही विनंती. अत्तराच्या वासाने आग्या मधमाश्या चवताळू शकतात.

जून : पहिली फेरी

सव्वासहाला जमलो. जूनमध्ये पुण्यात सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सात वाजून जातात. त्यामुळे हिवाळ्यात वेळ सात केली. एक माणूस पुढे, एक मध्ये आणि एक सर्वांत शेवटी. शेवटचा माणूस फार महत्त्वाचा. फोटो काढत मागे राहणारे असतातच, आणि शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही हा नियम पाळला की कुणी चुकत नाही. झाडांसाठी गट वीसपर्यंत चालतो. पक्ष्यांसाठी बारा-पंधरावर गेला की मागच्यांना पक्षी दिसायच्या आत तो उडून जातो. म्हणून पहिली पंचेचाळीस मिनिटं दोन गट करून पक्षी पाहिले, नंतर एकत्र झाडं.

पहिली दहा मिनिटं दुर्बीण डोळ्यांना जुळवण्यात जातात, आणि ती द्यावीच लागतात. चष्मा असलेल्यांनी डोळ्याजवळची रबरी कडी आत वळवायची, नसलेल्यांनी बाहेर. दोन्ही नळ्या उघडझाप करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करायचं. मग उजवा डोळा मिटून दूरच्या पाटीवरची अक्षरं मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करायची. नंतर डावा मिटून फक्त उजव्या नळीवरची कडी फिरवायची. यानंतर कडीला हात लावायचा नाही, मधलं चाकच फिरवायचं. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून काढायची नाही आणि नजर तशीच ठेवून दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. खाली दुर्बिणीकडे पाहिलं की पक्षी गेलाच. सूर्याकडे दुर्बीण कधीच न्यायची नाही. पक्षी कुठे आहे हे सांगायला “तिकडे, त्या झाडावर” उपयोगाचं नाही. समोरची बाभूळ, तिच्या गोलाईत घड्याळाचे दोन वाजतात तिथे, खालून दुसरी फांदी, असं सांगितलं की सगळ्यांना दिसतो.

जून हा ऐकण्याचा महिना. पावशा ओरडत असतो, चातक आलेला असतो, आणि नशीब असेल तर दाट झुडपातून नवरंगाची दोन सुरांची शीळ येते. पावशा आणि चातक दोघेही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात, म्हणून सातभाईंचा थवा दिसला की तिथेच थोडं थांबावं. पक्ष्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावणं आम्ही पहिल्या दिवसापासून बंद ठेवलं. विणीच्या काळात नराला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसलाय. तो घरटं, पिल्लं सोडून धावत येतो, पुन्हा पुन्हा दमतो. दाखवायला पक्षी मिळाला नाही तरी चालेल.

झाडांकडे वळल्यावर सुरुवात पानापासून केली. पहिला प्रश्न: हे एक पान की अनेक? कडुनिंबाची जी पानं आपण म्हणतो त्या खरं तर एकाच पानाच्या पर्णिका, म्हणजे पानाचे छोटे भाग, असतात. ओळखायचं कसं, तर देठ फांदीला जिथे चिकटतो तिथल्या बेचक्यात कोंब शोधायचा. कोंब असेल तिथून पान सुरू होतं. पर्णिकेच्या बुडाशी कोंब नसतो. ही एक गोष्ट हातात भिंग देऊन नीट दाखवली की पुढची सगळी झाडं सोपी होतात. टेकडीखालच्या रस्त्यावरची सप्तपर्णी आणि वरची काटेसावर यांची तुलना यासाठी सर्वांत चांगली. दोन्हींचा पंजा सारखा दिसतो. पण सप्तपर्णीची पाच-सात वेगळी साधी पानं फांदीभोवती एकाच पेरावर गोल लागलेली असतात आणि पान तुटलं की पांढरा चीक येतो. सावरीच्या पंजाला एकच लांब देठ असतो, म्हणजे ते सगळं मिळून एक पान. पळस आणि पांगारा दोघांना तीन-तीन पर्णिका. पांगाऱ्याच्या सालीवर काटे असतात, पळसाचं पान जाड, चामड्यासारखं आणि बोटांना खरखरीत.

एका थांब्यावर एक झाड, पाच-सात मिनिटं, आणि दिवसाला फक्त आठ झाडं. सुरुवातीला चाळीस नावं सांगण्याचा मोह होतो. घरी पोचेपर्यंत त्यातली पाचही आठवत नाहीत. ओळखपत्रकावर आठच झाडं, मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव, आणि पुढे साल, पान, वास यासाठी रिकामी जागा. शास्त्रीय नाव हवंच, कारण मोईला कुठे शिमटी म्हणतात, कुठे शेमट, आणि कुडा म्हटलं तर निदान दोन-तीन वेगळी झाडं पुढे येतात.

पावसाळा

जुलै ते सप्टेंबर झाडांपेक्षा जमिनीकडे बघायचे महिने. कळलावी, मुसळी, आभाळी, कवळा, तेरडा. या फेऱ्यांत अंतर अजून कमी केलं, भिंगं जास्त लागली. शेवाळलेल्या काळ्या दगडावर पाय घसरतो, म्हणून खाणीच्या काठावरचा थांबा पूर्ण पावसाळा बंद ठेवला. छत्र्या नकोत, रेनकोट हवेत: छत्रीत डोकं घातलं की वर बघणं संपतं. पाऊस हलका असेल तर फेरी होईल, विजा असतील तर रद्द, आणि निर्णय सकाळी पाच वाजता कळवला जाईल, हे आधीच लिहून दिलं होतं. ऑगस्टची फेरी अशीच रद्द झाली, पैसे परत केले.

लोक रानफुलांचे फोटो काढताना गुडघे टेकून आजूबाजूची चार रोपं चिरडतात. याला उपाय एकच, वाटेवर उभं राहून हात पुढे करून काढता येतील तेवढेच फोटो.

ऑक्टोबरपासून हिवाळा

ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं वाढतं आणि कुसळं मोज्यांत घुसतात. बुटांवरून पॅन्ट खाली ओढून घ्यावी. थिरथिरा, धोबी, लिटकुरी हे हिवाळी पाहुणे येऊ लागतात. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या वाढदिवसांना जोडून. राज्य शासनाने तो 2020 पासून सुरू केला. या आठवड्यात शाळा स्वतःहून विचारतात, त्यामुळे आम्ही नोव्हेंबरची फेरी शाळेच्या मुलांसाठी ठेवली. मुलांसाठी वेगळी पद्धत लागते: प्रत्येक तीन मुलांत एक दुर्बीण, एक तासापेक्षा जास्त नाही, आणि हाताने करायचं काहीतरी. खाली पडलेलं उंबर फोडून आतली नखाएवढीही नसलेली फुलं आणि चिलटासारख्या माश्या भिंगातून दाखवल्या. उंबराची फुलं फळाच्या आत असतात आणि या माश्याच परागण करतात, हे पुस्तकात वाचून कुणी थक्क होत नाही. भिंगातून पाहिलं की होतं.

फळलेलं उंबर, वड किंवा पिंपळ हा पक्षी दाखवायचा सर्वांत भरवशाचा थांबा. तांबट, कोकीळ, बुलबुल, राखी धनेश, आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल. हरियल हिरव्या पानांत अजिबात दिसत नाही. खाली पडणाऱ्या अर्धवट फळांकडे लक्ष ठेवून वर बघायचं. पक्ष्यांच्या मागे धावण्यापेक्षा फळलेल्या किंवा फुललेल्या झाडाखाली वीस मिनिटं शांत उभं राहणं केव्हाही चांगलं.

डिसेंबर-जानेवारीत पानं गळतात आणि लोकांना वाटतं आता काय बघायचं. आमच्या मते साल शिकायला यासारखा काळ नाही. मोईची साल राखाडी, वरचे पापुद्रे गळून उथळ खळगे पडलेली. सालईची कागदासारखी पातळ सुटणारी आणि डिंकाला धुपाचा वास. पानं असताना या दोघींत घोटाळा होतो, तेव्हा पर्णिकेची कड बघायची: सालईची दातेरी, मोईची सरळ. मेडशिंगीच्या वळलेल्या लांब शेंगा लटकत असतात, त्या एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. हिवर दुरून छत्रीसारख्या सपाट माथ्यावरून आणि जवळून फिकट सालीवरून ओळखतो.

गिरिपुष्पाविषयी दर फेरीत वाद झाला. मध्य अमेरिकेतलं हे झाड उजाड टेकड्यांवर झटपट हिरवाई यावी म्हणून लावलं गेलं. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून ते टिकलंही. त्याच्या दाट लागवडीखाली स्थानिक झुडपं आणि गवत फारसं वाढत नाही. काही जण ते दाखवूच नका म्हणतात. आम्ही दाखवतो. शेजारी पळसाचं झाड ठेवून दोन्हींवर पाच-पाच मिनिटं थांबायचं, कोणत्या झाडावर किती किडे, किती पक्षी आले ते मोजायचं. लोक स्वतः निष्कर्ष काढतात.

फेब्रुवारीची फेरी वर्षातली सर्वांत गर्दीची झाली. सावर, पळस, पांगारा एकापाठोपाठ फुलतात, आणि त्यांवर मैना, कोतवाल, शिंजीर, हळद्या आणि मध्य आशियातून आलेल्या पळसमैनांचे थवे. सावरीच्या उंच फांद्यांवर याच वेळी आग्या मोहोळंही असतात. मोहोळ दिसलं की आवाज कमी करून लांबून जायचं, बोट दाखवून घोळका करायचा नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता, डोकं झाकून सरळ लांब निघून जायचं. फेब्रुवारीत चार दिवसांची जगभरची पक्षीगणनाही असते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर निदान पंधरा मिनिटांची यादी करून पाठवायची. दिसले तेवढे सगळे पक्षी लिहायचे, कावळे-कबुतरंसुद्धा, कारण फक्त खास पक्ष्यांची यादी अभ्यासाला उपयोगाची नसते.

झाडांची नोंद

पहिल्या फेरीपासून बाराही थांब्यांच्या झाडांची दर महिन्याला नोंद ठेवली: कोवळी पानं, निबर पानं, गळती, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं, प्रत्येकापुढे नाही, थोडं, पुष्कळ. ही रचना ‘सीझनवॉच’ या देशभर चालणाऱ्या उपक्रमाची आहे. तिथे तर दर आठवड्याला नोंद करतात, आणि घराजवळचं एखादं झाड कुणालाही त्यासाठी घेता येतं. फेरीला नियमित येणाऱ्यांपैकी काहींनी आपापली झाडं घेतली आहेत. नोंद कागदावर पेन्सिलीने करावी, पावसात शाई फुटते.

मार्च : हिशेब आणि नवं पत्र

शुल्कातून छपाई, मानधन आणि पेटीतलं सामान भागलं. दुर्बिणींचे पैसे निघाले नाहीत, ते निघतील अशी अपेक्षाही नव्हती. सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या वर्षासाठी दुर्बिणींशिवाय सात-आठ हजार हाताशी ठेवावेत, कारण पावसाळ्यातल्या फेऱ्यांना माणसं कमी येतात आणि जाणकारांचं मानधन मात्र तेवढंच राहतं.

पुढच्या वर्षाचं परवानगीपत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यातच दिलं. सोबत वर्षभराचा अहवाल जोडला: फेऱ्यांच्या तारखा, माणसांची संख्या, दिसलेल्या पक्ष्यांची यादी, बारा झाडांच्या फुलण्या-फळण्याचा तक्ता, आणि वाटेवर जिथे वणव्याने झुडपं जळली त्या जागांचे फोटो. कार्यालयात अहवाल वाचला गेला, तक्त्यावर दोन प्रश्नही विचारले गेले, आणि आवक क्रमांक घेऊन आम्ही परतलो. जूनच्या दुसऱ्या रविवारची नोंदणी मेच्या शेवटच्या आठवड्यात उघडेल.